स्वागत समारंभाचा स्वयंपाक घरच्यांनी करावा का? वाचकांच्या शंका आणि उत्तरे

तुळशीची लग्ने आटोपली की या सदराकडे लग्नघरांतून पत्रे येऊ लागतात. या खेपेस आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच विषयावरची आहेत आणि तिन्ही इंदूरचीच आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण इतर दोघांना जे सांगायचे त्याचा बराचसा भाग त्यातच येऊन जातो.

प्रश्न : माझ्या मुलीचा विवाह माघात नोंदणी पद्धतीने होणार असून त्याच दिवशी संध्याकाळी साडेसात वाजता आमच्या वसाहतीच्या सभागृहात स्वागत समारंभ ठेवला आहे. साधारण 140 पाने होतील. माझ्या लग्नात माझ्या आईने श्रीखंड स्वतः घोटले होते आणि त्या श्रीखंडाची आठवण आमच्या नात्यात आजही निघते. मुलीच्या समारंभाचे जेवण आपणच करावे असे माझ्या मनात आहे. दोन जावा, नणंद आणि मी अशा चौघी आहोत. घरात फ्रीज मात्र एकच आहे. यजमान म्हणतात की आचाऱ्याला सांगून मोकळे व्हावे. हे आम्हाला झेपेल का? काय करावे, किती करावे आणि केव्हापासून सुरुवात करावी?
— एक वधूमाता, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : आपली इच्छा मला मनापासून पटते आणि ती पुरी व्हावी असेच मला वाटते. पण पदार्थांची यादी करण्याआधी एका प्रश्नाचे उत्तर आपण चौघींनी बसून ठरवून घ्या : संध्याकाळी साडेसात वाजता, व्याही मंडळी सभागृहाच्या दारात येतील तेव्हा, आपण कुठे असाल? त्या वेळी वधूची आई कढईपाशी उभी असेल, तिच्या हाताला पीठ असेल आणि मुलगी तिला शोधत असेल, तर स्वयंपाक कितीही उत्तम झाला तरी तो बेत चुकला असे मी म्हणेन. म्हणून माझे पहिले सांगणे असे की, जे पदार्थ आदल्या दिवशीपर्यंत किंवा त्या दिवशी दुपारपर्यंत तुमच्या हातून पूर्ण होऊ शकतात तेवढेच आपल्याकडे ठेवा आणि ऐन वेळी विस्तवापाशी उभे राहावे लागते ते सारे एका आचाऱ्याकडे व त्याच्या दोन मदतनिसांकडे सोपवा. संपूर्ण जेवणाचा ठेका देणे आणि केवळ मजुरीवर आचारी बोलावणे यांत पुष्कळ फरक आहे. दुसऱ्या प्रकारात सामान तुमचे, चव तुमची आणि पदार्थही तुम्ही ठरवलेले असतात. यजमानांचे आणि आपले म्हणणे यात दोन्ही साधते.

आता श्रीखंडाकडे वळू, कारण आपल्या पत्राचा जीव त्यातच आहे. सुदैवाने लग्नाच्या जेवणातला हा गोड पदार्थ असा आहे की जो आधी करून ठेवल्याने बिघडत तर नाहीच, उलट एक रात्र थंड राहिल्याने केशर, वेलदोडा आणि जायफळ त्यात चांगले मुरतात. 140 पानांना माणशी सव्वाशे ग्रॅम धरले तर साडेसतरा किलो श्रीखंड लागते. त्यासाठी 10 किलो चक्का आणि 8 किलो साखर घ्यावी. चक्का आंबट असेल तर साखर थोडी वाढवावी लागते. म्हशीच्या एक लिटर दुधाच्या दह्यातून साधारण साडेतीनशे ते चारशे ग्रॅम चक्का निघतो. म्हणजे सगळे घरीच लावायचे तर 26 ते 28 लिटर दूध तापवणे, कोमट करणे, विरजणे आणि मग तेवढे दही फडक्यांत बांधून टांगणे आले. माघातल्या थंडीत दही लागायला वेळ लागतो, आणि एका घरात इतक्या पुरचुंड्या टांगायला जागाही नसते. माझा स्पष्ट सल्ला असा की चक्का खात्रीच्या डेअरीतून आणावा. समारंभाच्या आठ दिवस आधी अर्धा किलो आणून त्याचे श्रीखंड करून पाहावे, आणि तो कोरडा व ताजा वाटला तरच मोठी मागणी नोंदवावी. आपल्या आईच्या श्रीखंडाची जी चव लोकांच्या लक्षात राहिली ती घोटण्यात आणि साखरेच्या अंदाजात होती, टांगलेल्या फडक्यात नव्हती.

चक्का आणल्यावर आधी एक गोष्ट करून पाहा. त्यातला लिंबाएवढा गोळा तळहातावर घेऊन दाबा. बोटांच्या फटीतून पाणी आले तर तो अजून ओला आहे, आणि त्यात साखर घातली की श्रीखंड ओघळणार. असा चक्का स्वच्छ पंचात बांधून, चाळणीवर ठेवून, वर वजन देऊन फ्रीजमध्ये चार-पाच तास ठेवावा. साखर एकदम न घालता दोन वेळा घालावी, तासभर मुरू द्यावी आणि मग पुरणयंत्रातून काढावे. मिक्सरमधून फिरवू नये, त्याने श्रीखंड सैल पडते. समारंभाच्या दोन दिवस आधी हे काम हाती घेतले तर एका दुपारी चौघींत सहज होते.

खरी अडचण साठवणाची आहे. साडेसतरा किलो श्रीखंड एका मोठ्या पातेल्यात भरून फ्रीजमध्ये ठेवले तर त्याचा मध्यभाग थंड व्हायला फार वेळ लागतो, आणि पातेले फ्रीजमध्ये मावतही नाही. तीन-तीन किलोचे सहा उभे स्टीलचे डबे घ्या. दोन आपल्याकडे ठेवा आणि उरलेले जावांकडे व शेजारी आधीच सांगून ठेवा. फ्रीज 5 अंशांच्या खाली असला पाहिजे आणि त्या दोन दिवसांत त्यात दुसरे काही गरम भांडे जाता कामा नये. सभागृहात नेताना डबे बर्फ भरलेल्या पेटीत ठेवावेत, आणि पहिला डबा संपल्याशिवाय दुसरा उघडू नये.

श्रीखंडाबाबत स्वच्छतेचे इतके बारकाईने सांगण्याचे कारण असे की ते पुढे कधीही आचेवर जात नाही. हाताला झालेली लहानशी जखम, नाक पुसलेला रुमाल, खोकला यांतून स्टॅफिलोकोकस नावाचा जंतू अन्नात जाऊ शकतो, आणि अन्न उबेत राहिले की तो विष तयार करतो. हे विष उकळल्यानेही पूर्णपणे नष्ट होत नाही, आणि श्रीखंड तर आपण उकळतही नाही. म्हणून घोटणाऱ्या व्यक्तीने नखे कापलेली असावीत, अंगठ्या व बांगड्या काढलेल्या असाव्यात आणि बोटाला काप असेल तर त्या दिवशी हे काम दुसरीला द्यावे. ज्यांना दोन दिवसांत उलटी-जुलाबाचा त्रास झाला आहे त्यांनी कोणत्याच पदार्थाला हात लावू नये. याबाबत जावेची किंवा नणंदेची भीड धरू नका.

श्रीखंडाबरोबर पुरी आलीच, आणि इथेच बहुतेक घरगुती बेत कोलमडतात. हिशेब करून पाहा. माणशी पाच पुऱ्या धरल्या तर 700 पुऱ्या होतात. एक किलो कणकेच्या साधारण 50 लहान पुऱ्या होतात, म्हणजे 14 किलो कणीक भिजवायची. सराईत हात मिनिटाला चार पुऱ्या लाटतो, म्हणजे एका बाईला 700 पुऱ्या लाटायला जवळजवळ तीन तास लागतील. चौघी बसल्या तर पाऊण तासात होतील हे खरे, पण तो पाऊण तास नेमका पाहुणे येण्याचा असतो, कारण पुरी आधी तळून ठेवली की ती चिवट होते. म्हणून पुऱ्या आचाऱ्याच्याच. आपण कणीक मात्र स्वतः भिजवून द्या : घट्ट, थोडे मोहन घालून, चिमूटभर साखर टाकून, म्हणजे पुरीला रंग चांगला येतो.

मसालेभाताचे वेगळे आहे. तो करायला सोपा वाटतो आणि घरच्या कुकरमध्ये तो सोपा असतोही. पण घरच्या मापाला तीसने गुणले म्हणजे मोठ्या पातेल्याचे माप निघत नाही. 140 पानांना माणशी 75 ग्रॅम धरून साडेदहा किलो तांदूळ लागेल. एवढा तांदूळ एका भांड्यात शिजवला तर खालचा करपतो आणि वरचा कच्चा राहतो, म्हणून दोन जाड बुडाची पातेली घ्या आणि प्रत्येकात सव्वापाच किलो तांदूळ घाला. मोठ्या भांड्यातून वाफ त्या मानाने कमी उडते, त्यामुळे घरी आपण दुप्पट पाणी घालत असाल तर इथे पावणेदोन पट किंवा थोडे कमीच पुरते. हे पाणी दुसऱ्या भांड्यात खळखळ उकळून मगच तांदळावर ओतावे. गार पाणी घातले तर एवढ्या तांदळाला उकळी फुटेपर्यंतच बुडाचा थर लगदा होतो. मीठ 10 किलो तांदळाला अडीचशे ते तीनशे ग्रॅम लागते, पण त्यातले तीन चतुर्थांश आधी घाला आणि उरलेले चव पाहून. तिखटाचे आणि लवंग-दालचिनीचे प्रमाणही सरळ गुणाकाराने वाढवू नये; ते मोठ्या प्रमाणात जास्त उठून येतात. माघात तोंडली नसली तरी चालेल. माळव्याचा मटार त्या दिवसांत गोड आणि स्वस्त असतो, सोललेला तीन किलो घ्या. गोडा मसाला मात्र आपण घरी भाजून, कुटून द्या. त्या एका डब्यात तुमच्या घरची चव सामावलेली असते आणि तो पंधरा दिवस आधी करून ठेवता येतो.

या भाताविषयी मला माझ्या घरचा एक अनुभव सांगणे आवश्यक वाटते. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्याकडे एका मुंजीच्या दिवशी सकाळी दहाला मसालेभात तयार झाला. दुपारची जेवणे उरकली आणि पातेल्यात बराच भात राहिला. पातेले जड होते, झाकण लावलेले होते, वर गोधडी टाकलेली होती आणि हात लावला तर ते कोमट लागत होते. चांगला गरम राहिला आहे असे समजून रात्री तोच भात पुन्हा वाफ आणून मी घरच्या माणसांना वाढला. मध्यरात्रीपर्यंत घरातल्या सात जणांना उलट्या सुरू झाल्या, त्यांत माझे सासरे आणि ज्याची मुंज होती त्याची आजीही होती. दोघांनाही सलाइन लावावे लागले. भाताला वास आला नव्हता आणि चवही बिघडली नव्हती. नंतर मला कळले की तांदळावर बॅसिलस सेरियस या जंतूची बीजे असतात आणि ती शिजवल्यानेही मरत नाहीत. भात तासन्‌तास कोमट राहिला की ती वाढतात, आणि जे विष तयार करतात ते पुन्हा गरम केल्याने जात नाही. गोधडीने मी भात गरम ठेवला नव्हता, तर त्या बीजांना ऊब दिली होती. तेव्हापासून मी कोणत्याही मोठ्या स्वयंपाकात उष्णतामापक जवळ ठेवते. अन्नात टोचून पाहण्याचा हा मापक आता काही शे रुपयांत मिळतो.

म्हणून नियम एकच लक्षात ठेवा : गरम पदार्थ 60 अंशांच्या वर, थंड पदार्थ 5 अंशांच्या खाली, आणि या दोहोंच्या मधल्या तापमानात कोणताही शिजवलेला पदार्थ दोन तासांहून अधिक काळ राहू द्यायचा नाही. आपला समारंभ साडेसातला आहे, तर भाताचे पहिले पातेले सात वाजता उतरले पाहिजे आणि दुसरे आठ वाजता. दोन्ही एकदम करून ठेवण्याची घाई आचाऱ्याला करू देऊ नका. वाढण्याचे भांडे गरम पाण्यावर ठेवा आणि त्यात एका वेळी थोडाच भात काढा.

बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर आणि मठ्ठा यांविषयी थोडक्यात सांगते. बटाटे 15 किलो घ्या, त्याच दिवशी चार वाजल्यानंतर आचाऱ्याकडून उकडून घ्या आणि सोलून परातींत पसरून ठेवा. ढीग करून झाकून ठेवू नका. फोडणी सभागृहात सहा वाजता द्यावी. कोशिंबिरीला 7 किलो काकडी पुरे. ती चोचवून ठेवली तरी मीठ आणि दही वाढण्याआधी पंधरा मिनिटेच घाला, कारण मीठ लागताच काकडीला पाणी सुटते. मठ्ठ्याला 8 किलो दह्यात बारा-तेरा लिटर गार पाणी घालावे, आणि ते पिण्याचेच असावे. बर्फही पिण्याच्या पाण्याचाच घ्यावा. ज्या बर्फावर श्रीखंडाचे डबे ठेवले तो बर्फ मठ्ठ्यात कधीही घालू नका.

आपले शेजारी दाल-बाफल्याचा आग्रह धरतील, कारण इंदूरमध्ये त्याशिवाय जेवण झाल्यासारखे कित्येकांना वाटत नाही. बाफले म्हणजे कणकेचे गोळे; ते आधी उकडायचे, मग भट्टीवर भाजायचे आणि तुपात बुडवायचे, ते गरम असतानाच खायचे, आणि श्रीखंड-पुरीबरोबर तर ते पोटाला फारच जड होते. मी ते या बेतात घेणार नाही. माळव्याची आठवण म्हणून काही ठेवायचेच असेल तर गराडू नावाचा कंद ठेवा. त्याचे दिवस हेच आहेत. हाताला तेल लावून सोलले म्हणजे खाज सुटत नाही. मिठाच्या पाण्यात अर्धवट उकडून, फोडी करून, सहा वाजता एकदा हलके तळून ठेवावे आणि पाहुणे आले की आचाऱ्याने दुसऱ्यांदा कडक तळून वर जिरावन मसाला भुरभुरून आणि लिंबू पिळून द्यावे. मुंबई-पुण्याकडून आलेले पाहुणे ज्या पदार्थाची पुढे वर्षभर चौकशी करतील तो हाच असेल.

स्वागत समारंभाला लोक दोन तासांत येत-जात असतात, त्यामुळे पंगत बसत नाही. पण मांडलेल्या जेवणातही श्रीखंडापाशी एक वाढपी उभा ठेवा. लोकांनी आपल्या हाताने घेतले तर डाव भरून घेतात आणि निम्मे टाकतात. कोणी वाढून दिले आणि पुन्हा आग्रह केला तर तेच सव्वाशे ग्रॅम पुरतात, आणि आपल्याकडचा आग्रहही राहतो. हे काम कॉलेजात जाणाऱ्या भाच्याला द्या.

आता दिवसांचा क्रम. पंधरा दिवस आधी गोडा मसाला, लिंबाचे गोड लोणचे, चटणीचा डबा. आठ दिवस आधी किराणा. सियागंजच्या घाऊक बाजारात एकत्र घेतला तर भावात फरक पडतो, पण तांदूळ आणि साखर घेताना घरून पिशव्या न्या आणि तांदळाचा आधी एक वाटी भात करून पाहा. दोन दिवस आधी श्रीखंड. आदल्या दिवशी भाजीबाजार, मटार सोलणे आणि भांडी मोजून घेणे. प्रत्यक्ष त्या दिवशी दुपारी तीनपर्यंत तुमचे काम संपले पाहिजे. त्यानंतर आचाऱ्याच्या हाती सामानाची यादी द्या, नणंदबाईंना तेथे देखरेखीला ठेवा, आणि आपण स्नान करून साडी नेसायला जा. नणंदबाईंची पाळी दीड तासाने एका जावेने बदलावी, म्हणजे त्यांनाही भाचीचा समारंभ पाहता येईल.

उरलेल्या अन्नाविषयी माझे मत कठोर आहे. जे मांडणीवर दोन तासांहून अधिक होते ते कोणालाही घरी बांधून देऊ नये. कामाला आलेल्या बायकांना तर मुळीच नाही. त्यांच्यासाठी जेवण सुरू होण्याआधीच वेगळे डबे भरून ठेवावेत.

प्रश्न : आमच्या भावाच्या लग्नाचा स्वागत समारंभ भाड्याच्या बागेत आहे. बागेचे मालक आम्हाला आमचा स्वयंपाक करू देत आहेत. एक नातेवाईक म्हणतात की सगळ्यांच्या घरून एकेक सिलिंडर आणले तर गॅसचा खर्च वाचेल. हे योग्य आहे का? आणि ताटे कोणती घ्यावीत?
— एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : योग्य नाही. घरगुती सिलिंडर 14.2 किलोचा असतो आणि तो केवळ घरच्या स्वयंपाकासाठी दिलेला असतो. समारंभासाठी 19 किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्यावा. ही केवळ नियमाची गोष्ट नाही. मोठ्या शेगडीला लागणारा दाब, रेग्युलेटर आणि नळी वेगळी असते. घरचा रेग्युलेटर आणि मिळेल ती नळी जोडून चालवलेल्या भट्टीची ज्योत एक तर पिवळी पडते किंवा नळी सांध्यापाशी गळते. सिलिंडर नेहमी उभा, उघड्या हवेत आणि शेगडीपासून दूर ठेवावा. साबणाचा फेस सांध्यावर लावून बुडबुडे येतात का ते आचाऱ्याकडून तुमच्यासमोर पाहून घ्या. मांडवाचे कापड शेगडीच्या वर किंवा जवळ मुळीच नको. बागेत स्वयंपाकाला पत्र्याची शेड असेल तर तीच घ्या, ती कितीही कोपऱ्यात असली तरी.

तळणीची कढई निम्म्याहून अधिक तेलाने भरू नये. तेलाने पेट घेतला तर गॅस बंद करून कढईवर मोठे झाकण घालावे. पाणी कधीही ओतू नये, कारण पाण्याची क्षणात वाफ होते आणि पेटते तेल चारी बाजूंना उडते. हे वाक्य स्वयंपाकाच्या जागी असलेल्या प्रत्येकाला, अगदी भांडी घासणाऱ्यांनाही, आधी सांगून ठेवा, कारण घाबरलेल्या माणसाचा हात सर्वांत आधी पाण्याच्या बादलीकडेच जातो. अग्निशामक नळकांडे भाड्याने मिळते. ते घ्या आणि त्याची मुदत पाहा. तळून उरलेले तेल काळे पडले असेल तर घरी आणून पुन्हा वापरू नका.

ताटे स्टीलची, टेंट हाऊसकडून भाड्याने घ्यावीत. मात्र ती तुम्ही आदल्या दिवशी स्वतः उघडून पाहावीत आणि धुऊन घ्यावीत. एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या थाळ्या, पेले आणि चमचे यांच्यावर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आहे. पळसाच्या पानांच्या पत्रावळी चालतील, पण श्रीखंडासाठी वाटी लागते आणि पानाचा द्रोण घट्ट शिवलेला नसेल तर मठ्ठा गळतो, हे लक्षात घ्या. ओला आणि सुका कचरा वेगळा करण्याची सवय आपल्या शहराला आता अंगवळणी पडली आहे आणि 2017 पासून स्वच्छतेत इंदूरचे नाव त्यामुळेच पुढे आले आहे. समारंभात मात्र हीच माणसे उष्टे, कागदी रुमाल आणि पाण्याच्या बाटल्या एकाच पिंपात टाकतात, असे मी पुष्कळदा पाहिले आहे. ताटे ठेवण्याच्या जागी दोन पिंपे ठेवून तिथे एक माणूस उभा करा. वेगळे केलेले ओले अन्न देवगुराडिया येथील प्रकल्पात जाऊन त्याचा गॅस होतो. त्यात बाटल्या गेल्या तर ते काम अडते.

प्रश्न : माझे लग्न पुढच्या महिन्यात आहे. खर्च कमी व्हावा आणि आपुलकी वाटावी म्हणून आम्ही दोघे असे ठरवत आहोत की स्वागत समारंभाला जवळच्या पंधरा-वीस जणांनी आपापल्या घरून एकेक पदार्थ करून आणावा. माझ्या आईला हे अजिबात आवडलेले नाही; ती म्हणते, लग्नाला बोलावून पाहुण्यांना स्वयंपाक करायला लावायचा का? आपले मत काय?
— एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : आपल्या आईचे म्हणणे जुन्या वळणाचे असले तरी त्यात तथ्य आहे, पण आपली कल्पनाही परकी नाही. लग्नघरी आत्या-मावश्यांनी लाडू वळून आणणे, मामीने चिवड्याचा डबा देणे, रुखवतात शेजारणींच्या हातच्या करंज्या मांडणे हे आपल्याकडे चालतच आले आहे. अडचण एवढीच की ते पदार्थ सगळे कोरडे असत, आणि त्यामागे अनुभवाचे शहाणपण होते. वीस घरांतून वीस गरम भाज्या आल्या, तर कोणती किती वाजता शिजली, वाटेत गाडीत किती वेळ राहिली आणि किती पाने पुरेल याचा हिशेब कोणालाच लागत नाही. चार जणी बटाट्याची भाजीच आणतील आणि भात कोणीच आणणार नाही, असेही होते.

म्हणून मधला मार्ग असा : गरम जेवण, म्हणजे वरण-भात, भाजी आणि पुरी, एका ठिकाणी एका आचाऱ्याकडून करून घ्या, आणि फराळाचे पदार्थ आप्तांकडे सोपवा. बेसनाचे लाडू, शंकरपाळे, चिवडा, चकली, करंज्या, नारळाच्या वड्या हे सारे दोन-चार दिवस सहज टिकते. नारळाची वडी मात्र ओल्या खोबऱ्याची असल्याने आदल्या दिवशीच करायला सांगा. कोण काय आणणार हे तुम्ही स्वतः ठरवून फोन करून सांगा, यादी पाठवून निवडायला लावू नका, कारण मग सगळेच चिवडा निवडतात. शंभर पाहुण्यांना प्रत्येकी एक लाडू मिळायचा तर तिघींनी पस्तीस-पस्तीस लाडू करावेत. एकट्या मावशीवर शंभरांचा भार टाकू नये. प्रत्येक डब्याबरोबर एका कागदावर त्यात शेंगदाणे, तीळ, काजू किंवा मैदा आहे का एवढे लिहून मागा, कारण काही मुलांना शेंगदाण्याच्या एका कणाचाही गंभीर त्रास होतो, आणि चिवड्यात तो प्रत्येक घासात असतो.

जे नोकरी करतात किंवा ज्यांची तब्येत बरी नसते त्यांना विचारूच नका. नाही म्हणताना त्यांना अवघडल्यासारखे होते. आणि आईला या कामात बाहेर ठेवू नका. मांडलेल्या फराळाच्या टेबलापाशी प्रत्येक डबा कोणाच्या घरचा हे आलेल्या पाहुण्यांना तोंडाने सांगण्याचे काम तिच्याकडे द्या. आपल्या बहिणीच्या हातचे लाडू लोकांना देताना तिची हरकत बहुधा उरणार नाही.